सगळ्यांत सुरक्षित कॅप्सूल

मालिनीताईंच्या बुबुळांभोवतीची हिरवट कडा आता केसाएवढी रुंद झाली होती. कॅप्सूलमधलं शैवाल डोळ्यांत रुजल्याची ती खूण होती. त्यामुळे अंधुक झालेली अक्षरं पुन्हा दिसू लागली होती, विसरलेली नावं आठवू लागली होती. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या ताईंनी घटक, शिसं-पाऱ्याचे अहवाल, सगळं स्वतः तपासलं होतं. नोंदणी तेवढी मुलावर, हृषीकेशवर, सोपवली होती.

त्या आमटी करत असताना फोनवर तो हसून म्हणाला, "अगं आई, किती चिंच घालतेस! दात आंबतील."

घरात कॅमेरा नव्हता. असं काही तो पूर्वीही बोलून गेला होता आणि दर वेळी, कॅप्सूल सोडावी लागून दृष्टी जाईल या भीतीने, त्यांनी विचारायचं टाळलं होतं.

"तुला कसं दिसलं?"

"तुला दिसतं ते मलाही दिसतं," तो चाचरत म्हणाला. "त्या शैवालातून. नोंदणी करताना काळजीपोटीच घेतली ती सोय. सगळ्यांत सुरक्षित कॅप्सूल तीच होती."

परवा त्यांनी आरशात छातीवरचा शस्त्रक्रियेचा व्रण निरखला होता. तो त्यांनी कुणालाच दाखवला नव्हता.

"सोडलीस तर महिन्याभरात वाचता येणार नाही, आई."

ताईंनी गॅस बंद केला.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी ती घेणार नाही."