रात्रपेटी

मालक स्टूल ओढून समोर येऊन बसले, तेव्हा थोरलीनं हातातला दिवा खाली ठेवला.

"चालू द्या, मावशी," ते म्हणाले. "आज म्हटलं, तुमचं काम बघावं."

"बघा की. त्यात बघण्यासारखं काय आहे? इथे रात्र करायची आणि दिवा लागतो का ते पाहायचं."

त्या कारखान्यात अंगणात आणि फाटकांवर लावायचे उन्हावर चालणारे दिवे जुळवत. ऊन पडलं की दिवा भरायचा, अंधार पडला की आपोआप लागायचा. भर दिवसा तो तपासायचा तर त्याला फसवावं लागे. त्यासाठी आतून काळी केलेली एक लाकडी पेटी होती आणि तिच्या तोंडाला काळा पडदा. दिवा आत ठेवायचा आणि पडद्यात डोकं खुपसायचं. पेटीला सगळे रात्रपेटी म्हणत. अकरा वर्षं तिच्यावर थोरली बसत होती. "मावशींनी आपल्या दुप्पट रात्री काढल्यात," असं पॅकिंगवाल्या बायका म्हणत आणि दर वेळी तेवढ्याच जोरात हसत.

थोरलीला आता दिवा दिसत नव्हता. वर्षभर तिच्या डोळ्यांपुढे पांढुरका धूर होता. दिवा लागला तरी धूर, नाही लागला तरी तोच धूर. हे नवऱ्याला माहीत नव्हतं. तिनं कळूच दिलं नव्हतं. सासूचे डोळे गेले तेव्हा घरानं काय केलं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सासूला दाराजवळच्या खाटेवर बसवलं होतं. हळूहळू तिला कुणी काही विचारेनासं झालं. थोरली स्वतःच तिच्यापुढे ताट सरकवायची आणि ताटात काय आहे हे न सांगताच निघून जायची.

ठाऊक होतं ते फक्त धाकट्या जावेला. ती शेजारच्या टेबलावर दिव्यांची झाकणं बसवत असे. तिच्या बाजूला पेटीच्या फळीत बोटभर फट होती. त्या फटीतून बघायचं आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ टेबलावर हलकेच आपटायची. दिवा लागला तर एकदा, नाही लागला तर दोनदा. एवढ्यावर वर्ष निभावलं होतं.

"हे बारा घ्या," मालक म्हणाले. "मी निवडून आणलेत. मला ठाऊक आहे कुठला कसा आहे ते."

थोरलीनं पहिला दिवा चाचपून उचलला, आत ठेवला आणि पडद्यात डोकं घातलं. धूर. शेजारी एकदा वाजलं.

"लागला."

दुसरा. एकदा. "लागला." तिसऱ्याला दोनदा. "हा मेलाय, बाजूला ठेवते."

तिला फक्त मालकांचा श्वास ऐकू येत होता. आज धाकटी किती नेमकं वाजवत होती! एरवी कधी उशीर करायची, कधी वाजवलं की नाही तेच कळायचं नाही. मग जेवणाच्या सुट्टीत थोरली तिला फैलावर घ्यायची, "हातात जोर नाही का गं तुझ्या?" आज मात्र प्रत्येक ठोका स्वच्छ होता. थोरलीला भरून आलं. शेवटी रक्ताच्या नात्यांपेक्षा हीच धावून आली.

सातव्याला एक ठोका आला आणि नेमका त्याच वेळी पलीकडे कुणीतरी चिकटपट्टी खर्रकन ओढली. दुसरा ठोका झाला की नाही? थोरलीनं दिव्याची मान उगाच इकडून तिकडे फिरवली, जणू नीट बघतेय. मग पुन्हा वाजलं. सावकाश, दोनदा.

"नाही लागला," ती म्हणाली.

बारावा झाला. मालकांनी कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला.

"बाराच्या बारा बरोबर."

थोरलीनं डोकं बाहेर काढलं. तिला हसू आवरेना. "मग? अकरा वर्षं काय इथे माशा मारतेय मी?"

"तुमचं नाही म्हणत मी, मावशी." मालक हसले नाहीत. "तुमच्या जाऊबाईंचं म्हणतोय. महिनाभर ऐकतोय मी ती टकटक. झाकणं बसवता बसवता बाराही दिवे टिपले त्यांनी, तेही फटीतून. जे काम एकटीला जमतं, त्याला दोघी कशाला बसवू? उद्यापासून तुम्ही घरी आराम करा."

स्टूल मागे सरकलं. पावलं दूर गेली.

थोरली धाकटीच्या दिशेला वळली. तिथेही धूरच होता, पण त्यात ती मुसमुसत असणार, असं थोरलीला वाटलं. बिचारीनं जीव तोडून मदत केली आणि तीच अंगाशी आली. तिनं हात लांब करून धाकटीचा खांदा शोधला आणि थोपटला.

"जिवाला लावून घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "परीक्षा तुझी चाललीय, हे तुला तरी कुठे ठाऊक होतं?"

"कालच सांगितलं होतं त्यांनी, ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "आता उठता का जरा? दोन्ही टेबलं जवळ ओढून घ्यायचीत मला."