फणसाला टांगलेलं इंजिन

अंगणातल्या फणसाला कप्पीवर टांगलेलं जीपचं इंजिन तिसऱ्यांदा खाली आलं आणि तिसऱ्यांदा अडलं. मागच्या चाकांच्या जोरावर भाट्याच्या चढानं मासळी ओढणारी गाडी वर्षभर गप्प उभी होती. हिराच्या नवऱ्यानं इंजिन दुरुस्तीला उतरवलं, पण चढवायला तो राहिलाच नाही. क्लचची प्लेट मधोमध बसेना, म्हणून गिअरबॉक्सचा दांडा आत शिरेना. "आये, उद्या भंगारवाल्याला बोलावतो," मुंबईहून आलेला लेक म्हणाला. हिरा आत जाऊन पीठ लागलेलं लाटणं घेऊन आली. "तुझा बापूस हेच घालून प्लेट मधी आणायचा. मी भांडायचे." लाटण्याच्या टोकाला नवऱ्यानंच गुंडाळलेली काळी चिकटपट्टी होती. टोक प्लेटमधून इंजिनाच्या भोकात चपखल बसलं. प्लेटचे बोल्ट आवळून लाटणं काढल्यावर इंजिन मुकाट आत सरकलं. लाटणं परत देताना लेक पट्टी सोलू लागला. "ऱ्हाऊ दे. वरीसभर चपात्या तशाच लाटतेय मी."