पोर्टातलं कुंकू

खंडेनवमीला सासूबाईंनी विळी, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर अशा सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. चिमूटभर कुंकू कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात सांडलं, आणि वारल्यानंतर तात्या ज्या कंपनीच्या सर्व्हरवर राहत होते, तिकडे जाणारी घरची लाइन बंद पडली.

दुसऱ्या दिवशी हेमांगीनं वायर बदलून पाहिली. मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटनं पोर्ट पुसलं. कापूस लालभडक झाला. वायर पुन्हा खोचताच हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"तात्या, कालपासून करमलं नसेल तुम्हाला."

"का बरं?" सासऱ्यांचा ओळखीचा आवाज आला. "कालपासून तुझ्याशीच तर गप्पा मारतोय."

हेमांगीचा हात वायरवरच राहिला. "लाइन बंद होती, तात्या. मी आत्ता जोडली."

"काहीतरीच काय. आवाज तुझाच होता. ही दुपारी कधी आडवी होते, विचारत होतीस." तात्यांनी आठवून पुढे सांगितलं. "आणि दाराच्या कुलपाचे आकडे. विसरले म्हणालीस."

आतल्या खोलीत सासूबाईंचा नुकताच डोळा लागला होता. बाहेरून कोणीतरी सावकाश एकेक आकडा दाबत होतं.