मागे अजून एक

“फाटक लावू नकोस, क्लेम. मागे अजून एक आहे.”

विल्फने सायकल थांबवली नाही, नुसता वेग कमी केला. क्लेम हॉबडेने मेंढ्यांच्या कुरणाचं फाटक धरून ठेवलं आणि मान डोलावली. “येऊ दे. मी आहे इथे.”

विल्फ उताराला लागला, तशी क्लेमने फाटकाला साखळी घातली.

या टेकड्यांवरची रीतच आहे ती. खडूच्या मऊ दगडाच्या पांढऱ्या वाटेवर समोरून कुणी भेटलं, की पुढच्या सायकलवाल्याने मागे किती जण आहेत ते सांगायचं. मग फाटकवाला फाटक धरून ठेवतो, कुत्रेवाला कुत्रा आवरतो. विल्फ हे वाक्य वर्षानुवर्षं बोलत आला होता, आणि मागे नेहमी त्याचा मुलगा असायचा, नील.

मग एका शरदात नील खडूच्या जुन्या खाणीत सायकलसकट कोसळला आणि गेला. पुढे गेलेल्या विल्फला पत्ताच नव्हता. तो खाली मॉरीनच्या कॅफेत दोन चहा सांगून पोराची वाट बघत बसला होता.

तेव्हापासून विल्फच्या डोक्यात आजचं आणि कालचं एकमेकांत मिसळायला लागलं. दर आठवड्याला तो त्याच वाटेने यायचा, तेच बोलायचा, आणि नील खाणीत पडलाय म्हणून सांगायचा. दोनदा लोकांनी खरोखर बचावपथक बोलावलं. माणसं दोरांवरून खाली उतरली आणि काट्यांनी अंग ओरबाडून घेऊन वर आली. शेवटी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना सांगितलं, वाद घालू नका, हो म्हणा आणि विषय बदला. गावाने ते मनापासून पाळलं. वाईट नव्हतं हो त्यांच्यात कुणी.

मेंढ्या आत घालून क्लेम आपली गाडी घेऊन कॅफेत आला. विल्फला घरी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. मॉरीनने टेबलावर नेहमीसारखे दोन चहा ठेवले होते. एका कपाला हातही लागला नव्हता, आणि आज दुसऱ्यालाही नाही.

“जाकीट कुठे टाकलंस, विल्फ?” मॉरीन विचारत होती. “या गारठ्यात नुसत्या शर्टावर?”

“त्याच्या अंगावर घातलं. काठालगतच्याच कपारीत अडकलाय, कुडकुडत होता.”

मॉरीनने क्लेमकडे पाहिलं. क्लेमने स्वतःच्या चहात साखर घातली.

“बरं केलंस,” ती म्हणाली.

“पाय सायकलखाली आलाय त्याचा. शुद्धीवर आहे, बोलतोय. मला नाव विचारलं माझं.” विल्फ जरासा हसला. “बापाचं नाव विचारतो, गाढव.”

“आजकालची पोरं,” क्लेम म्हणाला.

“कुणीतरी जा रे.”

“गेलेत की. पथक केव्हाच निघालं.” मॉरीनने गरम स्कोन-पावाला लोणी लावून बशी पुढे सरकवली. “यंदा तुझ्या भोपळ्याला बक्षीस मिळणार म्हणे प्रदर्शनात. एवढा कसा वाढवलास, सांग तरी.”

“भोपळा गेला खड्ड्यात.”

विल्फ उठून उभा राहिला. त्याचा हात पँटच्या खिशाकडे जात होता, तिथे थोपटत होता, परत खाली येत होता. काहीतरी आठवायचं होतं आणि ते आठवत नव्हतं.

“पाकीट राहू दे,” मॉरीन म्हणाली. “आजचा चहा माझ्याकडून.”

“हो म्हणू नका मला!” विल्फचा आवाज चिरकला. “हो म्हणता आणि बसून राहता. क्लेम, तू फाटक धरलं होतंस ना? आला का तो?”

“येईल.”

“कसा येईल? पाय मोडलाय त्याचा.”

विल्फ पुन्हा खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. इथे सगळे हो म्हणत होते, पाठीवरून हात फिरवत होते, आणि जागचं कुणी हलत नव्हतं. मॉरीनने त्याचे डोळे आपल्या ॲप्रनने पुसले. तिचेही भरून आले होते.

मागच्या वर्षापर्यंत क्लेम विल्फच्या समाधानासाठी टॉर्च घेऊन खाणीच्या काठापर्यंत जाऊन यायचा. आज त्याचा गुडघा ठणकत होता. बाहेर धुकं उतरत होतं, आणि अशा धुक्यात त्या काठाला जाणं म्हणजे दुसरं मढं काढायला लावणं.

त्याने सायकल गाडीच्या मागे टाकली आणि विल्फला पुढे बसवून पट्टा लावला.

“खाणीकडे चाललोय ना?” विल्फने विचारलं.

“हो,” क्लेम म्हणाला आणि गाडी विल्फच्या घराच्या रस्त्याला घातली.

रस्ता वळणं घेत टेकडीच्या माथ्यावर चढला. खालच्या खोऱ्यात मोबाइल लागत नाही. माथ्यावर आलं की दिवसभराचं सगळं एकदम येतं. नेहमीप्रमाणे क्लेमच्या खिशातला फोन दोनदा थरथरला आणि गप्प झाला.

मग फोन वाजायला लागला.

क्लेमने स्वतःचा काढून पाहिला. तो वाजत नव्हता.

“हां,” विल्फ म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. “वर गेल्यावर लागेल म्हणाला होता तो. मी विसरलोच.”

विल्फने आयुष्यात मोबाइल वापरला नव्हता. पँटच्या खिशातून त्याने एक फोन काढला. काच तडकलेली होती, कडेला खडूचा पांढरा चिखल लागला होता. त्याने तो जपून, दोन्ही हातांनी क्लेमपुढे धरला.

क्लेमने गाडी थांबवली आणि फोन कानाला लावला.

“ओवेन?” एका बाईचा आवाज आला. “दुपारपासून लावतेय रे. तुझी गाडी अजून चर्चपाशीच उभी आहे म्हणे. कुठल्या वाटेवर आहेस तू?”