फ्लॅश बंद

फ्लॅश बंद आहे ना, असं पंचबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दादा हसला. त्यानं कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काढला आणि सरळ त्यांच्या टेबलावर ठेवला. तुम्हीच सांभाळा, म्हणाला.

हॉलमध्ये उजेड यथातथाच होता. अशा ठिकाणी फ्लॅशशिवाय उड्यांचे फोटो काढायचे म्हणजे डोक्याला ताप. लेन्स पूर्ण उघडायची, शटर झटपट ठेवायचं, फोटोत दाणे आले तर येऊ द्यायचे. दादाला ते जमायचं. कॅमेरा तसा जुनाच, गेल्या वर्षी तोंडाशी चरा पडला तिथं काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला. पण जिम्नॅस्टिक्सच्या प्रत्येक स्पर्धेला त्यालाच बोलवायचे.

शेजारी त्याची धाकटी बहीण कुबडी टेकवून बसली होती. ती बीमवर इतकी अलगद उतरायची की सगळे तिला चिमणीच म्हणायचे. ते गेल्या वर्षीपर्यंत. याच हॉलमध्ये, वीतभरही रुंद नसलेल्या याच बीमवर, गिरकी घेताना तिच्या डोळ्यांवर उजेड आला आणि ती आपटली. घोटा जोडला, पण उड्या संपल्या.

उजेड कुणाचा, ते दादानंच सांगितलं होतं. दुसऱ्या एका पोरीचा बाप, चष्मेवाला, मोबाइल घेऊन पुढे बसला होता. फ्लॅश मारलाच नाही, अशा तो शपथा घेत राहिला. कोण ऐकतंय? दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. त्याच्या पोरीलाही क्लबमधून घालवलं. चिमणीनं तर किती महिने त्याच्या नावानं शिव्या घातल्या. पडताना केशरी काहीतरी दिसलं, असं ती आधी म्हणत होती. दादानं ते हसण्यावारी नेलं. घोटा मोडल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकणारच, म्हणाला.

आज चष्मेवाला पंचबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. मान खाली.

त्याला बघून दादाचं टाळकं सटकलं. याला आत कुणी घेतलं, म्हणून तो उठलाच.

"मीच बोलावलंय," चिमणी म्हणाली. "माझा पाय ज्यानं घालवला ना, त्याचं आज सगळ्यांसमोर नाक कापायचंय."

दादा जरा वरमला. जाऊ दे ना चिमणे, झालं गेलं, तमाशा कशाला, असं पुटपुटला. तिनं ऐकलं नाही. त्याच्या हातातला कॅमेरा घेतला, लेन्सवर हा करून फुंकर घातली आणि ओढणीच्या टोकानं पुसत बसली. सावकाश, चकचकीत होईपर्यंत. मग परत दिला.

"तू फक्त फोटो काढ. बाकीचं मी बघते."

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी तिनं पंचबाईंकडून एका फोटोची परवानगी काढली होती. बीमवर, शेवटचा. तिला शिकवणाऱ्या सरांनी तिला उचलून वर उभं केलं. कुबडी खाली राहिली. चिमणीनं सरांचा हात सोडला.

दादानं कॅमेरा डोळ्याला लावला.

"हस की जरा."

"आधी फोकस तर बसव."

त्यानं बटण अर्धं दाबलं.

फ्लॅश टेबलावर होता, पंचबाईंच्या समोर. तरी कॅमेऱ्याच्या तोंडाशी, चरा पडला होता म्हणे तिथं, एक बारका दिवा लागला. कमी उजेडात फोकस शोधणारा. चिमणीचा अख्खा चेहरा केशरी झाला.

तिनं डोळे मिटले नाहीत.

"हाच," ती पंचबाईंना म्हणाली.

चष्मेवाल्यानं मान वर केली. चिमणीनं दादाकडे बघितलं आणि त्याला अंगठा दाखवला. नखावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता.