मनगटाचा अभिप्राय

केतकी सामंत दुकानात शिरताच हेमलता चितारींनी तिला ओळखलं. दुसरं खेळणं फुकट दिलं नाही म्हणून ‘यांचे रंग विषारी आहेत’ असा खोटा अभिप्राय हिनेच लिहिला होता. त्या एका ओळीने सावंतवाडीच्या या लाकडी खेळण्यांचा ऑनलाइन धंदा बसला. नवऱ्याने हाय खाल्ली आणि तो गेला.

आता अभिप्राय कुणी लिहीत नसे. सौदा झाला की मनगटावरचा पट्टा नाडीवरून मनातली भावना ओळखून समोरच्याच्या नावावर चढवत असे. विक्रेत्यांना छळून छळून केतकीची पत पार घसरली होती. आणखी एक वाईट नोंद झाली, की तिला कुणी काडेपेटीसुद्धा विकणार नव्हतं.

“काकू, चुकले मी. तुमच्याकडून एक चांगली नोंद मिळाली तर वाचेन हो. राग नाही ना?”

“छे गं, झालं गेलं गंगेला मिळालं,” हेमलताबाई गोड हसल्या. त्यांनी बैलगाडी कागदात नीट बांधून दिली आणि नवऱ्याचा शेवटचा चेहरा डोळ्यांसमोर आणत मनगट पुढे केलं.

केतकीच्या पट्ट्यावर लाल दिवा लागला. “काकू, हे काय?”

“मी कुठे काय बोलले?” म्हणत हेमलताबाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.