नर फूल

सकाळचे सात वाजले होते आणि भोपळ्याच्या वेलावर एकही नर फूल उमललेलं नव्हतं. सिस्टरनी पानं उचलून उचलून पुन्हा पाहिलं. कालची दोन फुलं देठावर सुकून लटकत होती. मादी फूल मात्र पहाटेच उघडलं होतं, पाकळ्यांखाली बोराएवढा भोपळा घेऊन. नऊपर्यंत ते मिटलं असतं, आणि मागून येणारी दुसरी कळी नव्हती.

नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सिस्टरच म्हणत. हे वाण त्यांच्या आईचं. राखाडी सालीचं, आत गर्द केशरी. यंदा बियांच्या डब्यात उंदीर शिरला, सात बिया उरल्या, त्यातली एक रुजली. आधी धरलेली चारही फळं लिंबाएवढी होऊन गळून गेली होती.

त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, संपलं बघ. दुसऱ्या कुठल्या भोपळ्याचं फूल लावलं तर फळ धरेल गं, पण बी आईचं राहणार नाही."

भिंतीपलीकडचं शिवणयंत्र थांबलं.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. शेजारचे टेलरमास्तर उभे होते. तीन वर्षांत ते पहिल्यांदा आत आले होते. भिंतीवरून पलीकडे लोंबणारा पिकला भोपळा एका दुपारी गायब झाला, तेव्हा सिस्टरनी मास्तरांच्या बायकोला भर गल्लीत चोर म्हटलं होतं. तिने घेतला नाही म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं. बोलणं तेव्हापासून बंद होतं. गेल्या वर्षी ती वारली, तेव्हा सिस्टर त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या होत्या.

मास्तरांनी ओल्या फडक्याची घडी उलगडली. आत एक मोठं पिवळं फूल होतं. नर.

"याच वाणाचं आहे," ते म्हणाले. "मागच्या अंगणात वेल आहे."

"याच वाणाचं कशावरून?"

"शिजवला तरी याची फोड मोडत नाही. साखर घालावी लागत नाही."

सिस्टरनी फडक्यातलं फूल उचलून घेतलं.

"मीच तोडला होता," मास्तर म्हणाले. "तिचा काही संबंध नव्हता."

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. भोपळा गेला त्या महिन्यात मास्तरांचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर सिस्टरच्याच वॉर्डात चढवलेलं होतं, आणि कुबडीशिवाय त्यांना संडासलाही जाता येत नव्हतं. भिंतीवरचा भोपळा त्यांनी तोडणं शक्यच नव्हतं.

"शेजारी दुसरा भोपळा लावला होतात का कधी?" त्यांनी विचारलं.

"छे. ती लावूच द्यायची नाही. म्हणायची, बी बिघडेल."

बोलून झाल्यावर मास्तर खाली पाहू लागले.

सिस्टरनी नर फुलाच्या पाकळ्या खुडल्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. पराग नीट चिकटले. आता मधमाश्यांनी दुसरीकडचं काही आणून टाकू नये म्हणून फूल बांधायला हवं होतं. त्यांनी दोरा घेतला. पहिल्याच वेढ्यात एक पाकळी फाटली.

"द्या इकडे," मास्तर म्हणाले.

ते गुडघा आखडत खाली बसले. पाकळ्या एकत्र धरून त्यांनी दोन वेढे घेतले आणि गाठ मारली. घट्ट नाही, सैलही नाही.

"वहिनींनी वाण चांगलं राखलं," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी उरलेला दोरा दातांनी तोडला.

"मागितलं असतं तर सिस्टरनी दिलं असतं, असं म्हणायची," ते म्हणाले. "शेवटपर्यंत म्हणायची."